मांडवाचे खड्डे

ज्योतिषाने 'निसर्गछाया' या नव्या वसाहतीला शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण दिले, तेव्हा आमच्या नगररचना शाखेत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते.

ज्योतिषी म्हणजे माणूस नव्हे, यंत्र. सरकारी नाव 'वसाहत-प्रतिरूप प्रणाली'. पण ते तीस वर्षं पुढचं सांगतं म्हणून आमच्या शिपायाने त्याचं हे बारसं केलं आणि तेच चिकटलं. मी स्वप्नाली बिराजदार, नांदरखेड नगरपरिषदेत सहायक नगररचनाकार. गावाच्या कडेला कुणी शेत मोडून प्लॉट पाडले, की त्या प्लॉटांमधले रस्ते कसे असावेत हे बघणं माझं काम.

पूर्वी हे काम सोपं होतं. मानकांचं एक पुस्तक होतं. रस्ता इतका रुंद, कोपरा इतका गोल, बंद गल्ली इतक्या फुटांहून लांब नको. पट्टी लावायची आणि शिक्का मारायचा. सात वर्षांपूर्वी नवी मानकं आली आणि त्यांतून हे आकडेच गेले. आता एकच अट आहे: तुमच्या नकाशावर यंत्रातली माणसं तीस वर्षं धडपणे राहिली पाहिजेत.

नकाशा दिला की यंत्र त्यावर घरं उभी करतं, झाडं लावतं, ऊन पाडतं आणि मग माणसं सोडतं. आम्ही त्यांना सावल्या म्हणतो. प्रत्येक सावलीला वय असतं, धंदा असतो, सवयी असतात. या सवयी कुणी मनाने लिहिलेल्या नाहीत. चारशे गावांतले मोबाईल पंधरा वर्षं कुठून कुठे फिरले, चौकातल्या कॅमेऱ्यांनी काय पाहिलं, ही नावं गाळलेली सगळी माहिती यंत्राने पचवली आहे. त्यामुळे सत्तावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई भाजीला कुठल्या वाटेने जाईल हे त्याला बरोबर कळतं. तीस वर्षांचा संसार चाळीस मिनिटांत उरकतो. मग यंत्र हिशेब मांडतं: अपघात किती, पाणी कुठे तुंबलं, उन्हाने किती माणसं हैराण झाली, आगीचा बंब किती मिनिटांत पोचला.

खोटं कशाला बोलू, यंत्राने भलं केलं आहे. विनाकारण रुंद रस्ते गेले आणि त्यांच्यावर सुसाट सुटणाऱ्या गाड्याही गेल्या. पण बिल्डर लोक हुशार. यंत्र नापास करणार नाही इथपर्यंत ते रस्ता कातरत गेले. त्यातून बंद गल्ल्यांची फॅशन आली. गल्ली टोकाला बंद म्हणजे आरपार वाहतूक नाही, अपघात नाहीत, गुण भरपूर आणि प्लॉटही दोन जास्त. 'निसर्गछाया'त कोटगिरे बिल्डरांनी अशा पाच गल्ल्या फणीच्या दातांसारख्या ओळीने लावल्या होत्या. प्रत्येक वीस फूट रुंद आणि साडेचारशे फूट लांब. गुण ऐंशीच्या वर गेले की एकवीस दिवसांत मंजुरी आपोआप मिळते. अधिकाऱ्याला हरकत असेल तर त्याने ती यंत्रातच दाखवायची. 'मला वाटतं' हे दोन शब्द आमच्या खात्यातून बाद झाले आहेत.

"मॅडम, सही करा आणि जेवायला चला," ठोंबरे साहेब म्हणाले. ते आमचे प्रमुख. निवृत्तीला वर्ष राहिलेलं आणि डबा नेहमी चारखणी.

"साहेब, या गल्ल्यांची तोंडं बघितलीत का?"

"तोंडं कशाला बघू? गुण बघितले."

"ही माणसं मांडव कुठे घालणार?"

"कार्यालयात जातील की. घरापुढे मांडव आता कोण घालतंय?"

"तुमच्या लेकीच्या लग्नात कुठे होता?"

"ते हळदीचं हो," साहेब डब्याचं झाकण उघडत म्हणाले, "हळदीला घरापुढेच लागतो."

मी यंत्राला विचारलं, तिसरी गल्ली तीस वर्षांत किती दिवस बंद राहिली? उत्तर आलं, दोन दिवस, जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी. या पाच गल्ल्यांत लग्नं किती झाली? एकशे अठरा. मांडव किती पडले? या शब्दाला यंत्राकडे काहीच नव्हतं.

त्यातली गोम मला तासाभराने सापडली. वीस फुटी गल्लीत तीनशे मोबाईल सकाळपासून संध्याकाळपर्यंत दाटीने उभे, असं कधी दिसलं की माहिती साफ करताना यंत्र ते चूक म्हणून काढून टाकत होतं. आमचं परवानगीचं रजिस्टर पाहावं, तर त्यात अकरा वर्षांत चार मांडव, चारही गणेश मंडळांचे. गल्लीतल्या मांडवाला परवानगी घ्यायची असते हे आमच्या गावात कुणाच्या स्वप्नातही येत नाही. यंत्रातल्या सावल्या बिचाऱ्या हळद न लागताच बोहल्यावर चढत होत्या.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. तिसऱ्या गल्लीच्या बंद टोकाचा, सतरा नंबरचा प्लॉट माझ्या धाकट्या भावाने, वीरेशने, धरला होता. हे मी साहेबांना लेखी कळवलं. ते म्हणाले, "नातेवाइकाचा प्लॉट नाही असा एखादा नकाशा आला तर मला दाखवा, फ्रेम करून लावू."

*

तेरा वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी हळद होती. माझं माहेर कुंभार गल्लीत, आणि ती गल्ली बंद. तोंडाशी आमचं घर, टोकाला तोडकरमामांचं. मामा नात्याचे नव्हेत. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर त्यांनीच मला सायकल शिकवली. मांडव मौला मुलाणींनी घातला होता. खांब दोन्ही कडांना, छत उंच, खुर्च्या सरकवल्या की खालून टेम्पो जाईल असा.

वीरू तेव्हा एकवीस वर्षांचा. एकुलत्या एका बहिणीचं लग्न आणि गल्लीच्या तोंडाला कमान नाही म्हणजे काय! आदल्या दिवशी मित्रांना घेऊन त्याने रस्त्यातच दोन बांबू रोवले आणि दिव्यांची, आमची नावं लिहिलेली कमान उभी केली. मधे सहा फूट वाट उरली. ती कमान मला फार आवडली होती, हेही सांगायला हवं. तिच्याखाली उभं राहून मी फोटो काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मला हळद लागत होती आणि मामांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका झटकन आली आणि कमानीपुढे थांबली. दिव्यांच्या तारा, दोऱ्यांच्या गाठी, बांबू दीड फूट जमिनीत. शेवटी मामांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. गाडी तोंडाशी आल्यापासून मामा गाडीत जाईपर्यंत एकोणीस मिनिटं गेली. मी हळदीच्या अंगाने उभी राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मामा दवाखान्याच्या वाटेवरच गेले.

मामींनी लग्न पुढे ढकलू दिलं नाही. "त्यांची वेळ आली होती," म्हणाल्या. सगळी गल्लीही तेच म्हणाली. कमान वीरूने एकट्याने उतरवली. त्यावर आम्ही दोघं भावंडं तेरा वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो.

*

रविवारी वीरूने मला प्लॉट दाखवायला नेलं. बायपासच्या पलीकडे तुरीचं रान सपाट केलेलं, चुन्याच्या फक्कीने गल्ल्या आखलेल्या. तो आता दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे; बोलतो कमी, मोजतो जास्त. त्याची सहा वर्षांची शर्वाणी चुन्याच्या रेघांवरून एका पायावर उड्या मारत होती. गेल्या वर्षी तिला दारातच मोटारसायकलने उडवलं होतं. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता.

"इथं तिला कुणी उडवायचं नाही अक्का," वीरू म्हणाला. "टोकाचं घर. फिरकणारच कोण इकडं?"

"रुग्णवाहिका फिरकेल का?"

"तुझं यंत्रच म्हणायलंय ना सुरक्षित म्हणून? चौऱ्याण्णव गुण पडलेत. कोटगिऱ्यांनी बोर्डावर लिहिलंय."

"यंत्राला मांडव माहीत नाही, वीरू."

"तेरा वर्षं झाली त्याला."

"मी काही म्हटलं का?"

"म्हणत नाहीस, तेच तर." त्याने शर्वाणीला हाक मारली. "एवढी एक जागा मनासारखी मिळाली, त्यात तू खोट काढायला बसलीस. दुसऱ्या कुणाच्या प्लॉटवर काढली असतीस का?"

मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. पण परतताना मी मनाशी पक्कं केलं की उरलेल्या सोळा दिवसांत यंत्राला मांडव शिकवायचा. शिकवूनही ते पास म्हणालं, तर मीच सतरा नंबरच्या पायाला नारळ फोडेन.

*

मौलाचाचा आता सत्तरीचे आहेत. गोदामापुढे बाजेवर बसून ते दोऱ्यांच्या गाठी सोडवत होते. मी विचारलं, "चाचा, कुठल्या गल्लीत कधी मांडव घातला, याची काही नोंद आहे का?"

"आमच्याकडं कसली नोंद पोरी? आमचं सगळं रस्त्यावरच लिहिलेलं असतंय."

मला वाटलं चेष्टा करतात. पण ते उठले, चपला घातल्या आणि मला समोरच्या गल्लीत घेऊन गेले. गटाराच्या कडेला डांबरात मुठीएवढा गोल खड्डा होता, मातीने बुजलेला. चाचांनी काठी टेकवली. दहा पावलं... नव्हे, दहा फुटांवर दुसरा. मग तिसरा. समोरच्या कडेला बरोबर त्यांच्यासमोर तसेच तीन.

"आमचं कापड दहा फुटी. म्हणून खांब दहा फुटांवर. जुना खड्डा घावला की माती उकरायची आन् बांबू बसवायचा. नवी पहार कशाला मारायची? सिमेंटचा रस्ता आसंल तर मशीननं पाडतो, पण पाडतोच." मग ते गल्लीच्या तोंडाशी थांबले. इथले दोन खड्डे कडेला नव्हते, रस्त्यात आत आलेले होते. "हे आमचे नव्हं. हे कमानीचे. गल्लीचं तोंड मी कधी बांधत नसतो. लोक आपल्या हातानं बांधतेत. तुझ्या भावाला बी मी नको म्हणालो हुतो. पहार माझीच न्हेली हुती त्यानं."

मी त्या दोन खड्ड्यांपाशी उकिडवी बसले. रोज या रस्त्यांचे नकाशे बघणारी मी, आणि हे कधी दिसलं नव्हतं. खरं तर दिसत होतं. दर तीन महिन्यांनी आमची तपासणीची गाडी गावभर फिरते आणि लेझरने रस्त्याचा बोटाबोटाएवढा उंचसखलपणा टिपते. पंधरा वर्षांचं असं सगळं टिपण यंत्राच्या पोटात होतं. हे खड्डे यंत्राने कधीच मोजले होते. नाव मात्र दिलं होतं 'किरकोळ खड्डा, वर्ग तीन'.

*

पुढचे नऊ दिवस मी त्या एकाच कामात होते. यंत्राला सांगितलं: मुठीएवढे गोल, दीड फूट खोल, दहा फुटांवर, समोरासमोर जोड्यांनी, असे खड्डे शोध. खड्डा एका टिपणात बुजलेला आणि पुढच्या टिपणात उकरलेला दिसला, तर मधल्या काळात तिथे मांडव पडला असं धर. रस्त्यात आत आलेली जोडी म्हणजे कमान. मग त्याच काळातला तो चूक म्हणून फेकलेला तीनशे मोबाईलचा घोळका परत आण आणि जुळवून बघ.

ते जुळलं. तारखांसकट जुळलं. लग्नसराईत गावातल्या एकेचाळीस जुन्या गल्ल्या भराभर बंद होत होत्या, उघडत होत्या. हळदी, बारशी, दहावे, घरभरण्या. पंधरा वर्षांचं गाव खड्ड्यांतून वर आलं. ठोंबरे साहेब डबा बाजूला ठेवून माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "अहो, ही आमची हळद," ते पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, आणि जरा वेळाने हळूच म्हणाले, "कमान आम्हीपण लावली होती की."

मग मी 'निसर्गछाया' पुन्हा चालवलं. या वेळी सावल्यांनी मांडव घातले. गुण चौऱ्याण्णवावरून एकसष्टावर आले. तिसरी गल्ली तीस वर्षांत चौऱ्याऐंशी दिवस बंद राहिली. पाचही गल्ल्या मिळून बंद गल्लीत अडकलेल्या रुग्णवाहिका सहा. टळू शकले असते असे मृत्यू दोन.

त्याच दिवशी कोटगिऱ्यांच्या वास्तुविशारदाचं पत्र आलं. हे खड्डे कशाचेही असू शकतात, झेंड्याचे, खुंट्यांचे. आणि नियमावर त्याने बरोबर बोट ठेवलं होतं. यंत्राला नवा घटक शिकवायचा, तर त्याची निदान एक घटना ती घडवणाऱ्या किंवा प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसाने शपथेवर सांगितली पाहिजे आणि ती रुग्णवाहिकेच्या नोंदीशी जुळली पाहिजे. हरकत घेणारा अधिकारी स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही.

मी तीन घरी जाऊन आले. तिन्ही ठिकाणी गाडी कमानीपाशी अडल्याचं यंत्र सांगत होतं. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी "तसं काही झालं नव्हतं", तिसऱ्या घरी दारच लावून घेतलं. आपल्या लग्नात शेजारचा माणूस गेला हे शपथेवर कोण सांगेल?

चौथी घटना मला माहीत होती. कुंभार गल्ली, मे महिना, उकरलेले चौदा खड्डे, त्यांतले शेवटचे दोन रस्त्यात आत. रुग्णवाहिकेची नोंद: 'वाहन पत्त्यावर अकरा एकेचाळीस. रुग्ण वाहनात बारा. विलंबाचं कारण: नोंद नाही.' एवढाच काय तो मजकूर. मी त्याची छापील प्रत काढली आणि वीरूच्या घरी गेले.

*

तो शर्वाणीला गणित शिकवत होता. मी कागद टेबलावर ठेवला. त्याने तो बघितला, आणि दोन खड्डे कुठले हे मला सांगावं लागलं नाही.

"मी ही साक्ष देऊ शकत नाही," मी म्हणाले. "मौलाचाचा त्या दिवशी गावात नव्हते. गल्लीतल्यांना विचारलं, तर 'त्यांची वेळ आली होती' एवढंच म्हणतात. राहिलास तू."

"आणि झालं मान्य तर?"

मी खोटं बोलले नाही. सगळ्या गल्ल्यांची बंद टोकं मागून एका अरुंद वाटेने जोडायची, असा उपाय मी काढला होता. यंत्राने ती वाट कुठून काढायची ते दाखवलं होतं. "वाट सतरा नंबरच्या पोटातून जाते," मी म्हणाले. "दुसरीकडून काढून बघितली. बंब वळत नाही."

"म्हणजे मी सगळ्या गावासमोर सांगायचं की मामा माझ्यामुळं गेले, आन् वरून माझ्या लेकराची जागा पण द्यायची."

"आपल्यामुळे," मी म्हणाले. "कमान मला आवडली होती. मी काढ म्हटलं असतं तर तू काढली असतीस."

शर्वाणीने विचारलं, "आत्या, हे काय आहे?" मी म्हणाले, "माझ्या लग्नातले खड्डे." ती हसायला लागली. वीरूने कागदाची घडी करून मला परत दिली. "जा तू," म्हणाला.

मी घरी आले आणि खूप रडले. मग तोंड धुऊन सुनावणीचे कागद लावायला बसले. साक्षीदाराचा रकाना कोरा ठेवला. हरले असते तरी हरकत मागे घेणार नव्हते.

*

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात होती. जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई, कोटगिरे, त्यांचा वास्तुविशारद, आणि प्लॉट धरलेले चाळीसेक लोक. ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते जणू त्यांच्या ताटातली पोळी मीच उचलली आहे. मी यंत्राची दोन्ही चित्रं दाखवली. वास्तुविशारद नम्रपणे म्हणाला, "मॅडमचा अभ्यास चांगला आहे. पण साक्षीदार?"

"आहे," मागून आवाज आला.

वीरू दारात उभा होता. दूध संघाचा पांढरा डगला तसाच अंगात. पुढे येऊन त्याने शपथ घेतली, नाव सांगितलं, वीरेश शिवलिंग गुंजोटे. मग पडद्यावरच्या कुंभार गल्लीकडे गेला आणि शेवटच्या दोन खड्ड्यांवर बोट ठेवलं.

"हे दोन मी पाडले. पहार मौला मुलाणींची. ते नको म्हणाले होते, मी ऐकलं नाही. कमान लांबून दिसावी म्हणून खांब आत घेतले. मधे सहा फूट राहिले. दुसऱ्या दिवशी तोडकरमामांना न्यायला गाडी आली, ती ह्या दोन बांबूंपाशी थांबली. मी कोयत्यानं दोऱ्या तोडत होतो." पडद्यावरचं बोट त्याने खाली घेतलं. "नोंदीत कारण लिहिलेलं नाही. कारण मी आहे. लिहून घ्या."

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "गुंजोटे, सतरा नंबरचा प्लॉट तुमचा आहे. ही हरकत मान्य झाली तर..."

"माहीत आहे," वीरू म्हणाला. "एक विनंती आहे. मागच्या वाटेला मधे पाडता येणारा खांब घाला. रुग्णवाहिका आन् बंब आला तरच आडवा व्हावा. मोटारसायकली नकोत तिथून. पोरं खेळतात."

ठोंबरे साहेबांनी रुमाल काढून नाक पुसलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. त्याचा दंड धरला.

"काल मामींकडं जाऊन आलो," तो म्हणाला. "गावासमोर बोलायच्या आधी त्यांना सांगायला पाहिजे होतं."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. चहा ठेवला. साखर जास्त झाली म्हणाल्या. मग म्हणाल्या, मला ठाऊक होतं रे."

*

हरकत मान्य झाली. यंत्र आता मांडव ओळखतं, आणि त्यातून नवं मानक निघालं. त्यातली भाषा सरकारी आहे, मतलब साधा आहे. गल्लीत मांडव पडणारच, तेव्हा त्याची जागा रस्त्यातच करून ठेवा. दोन्ही कडांना दहा फुटांवर लोखंडी खोबणी बसवा, झाकणासकट, म्हणजे खांब तिथेच उभे राहतील आणि मधे बारा फूट मोकळे राहतील. तोंडाशी खोबणी नाहीत, आणि तिथला पन्नास फुटांचा तुकडा इतका टणक की पहार लागणार नाही. बंद टोकाला मागची वाट, वाटेत पडता खांब. आणि वसाहत पुरी झाल्याचा दाखला देण्याआधी एक चाचणी: खरा मांडव घालायचा, खऱ्या खुर्च्या मांडायच्या, आणि रुग्णवाहिका घड्याळ लावून आणायची.

'निसर्गछाया'ची चाचणी दीड वर्षाने झाली. घरं अजून नव्हती. उजाड माळावर, तिसऱ्या गल्लीत, मौलाचाचांनी मांडव घातला. लग्न नाही, वाजंत्री नाही, नुसता झालरीचा मांडव. चाचांनी झाकणं काढली, खांब उभे केले आणि तक्रार केली की पहारीला काही कामच उरलं नाही. वीरूने एकतीस नंबरचा प्लॉट घेतला होता, गल्लीच्या तोंडाजवळचा. मांडवाखाली आम्ही साठ खुर्च्या मांडल्या आणि प्लॉटवाल्यांना बसवलं. पहिल्या ओळीत मामी होत्या. त्यांना मी स्वतः घेऊन आले होते.

रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी आली. मी घड्याळ सुरू केलं. वीरू ओरडला, "उठा!" आणि लोकांनी खुर्च्या सरकवल्या. मामींची खुर्ची त्याने मामींसकट उचलून कडेला ठेवली. गाडी मांडवाखालून सरळ आत गेली. झालर तिच्या टपाला नुसती घासली. टोकाशी खाट उतरली, खोटा रोगी चढला, मागच्या वाटेवरचा खांब आडवा झाला आणि गाडी तुरीच्या रानाकडून बायपासला लागली.

"किती?" वीरूने विचारलं.

"दोन मिनिटं, दहा सेकंद."

तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. लोक टाळ्या वाजवत होते. मामींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या गाडी गेली त्या वाटेकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं, यांना आणायला नको होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन वाकले.

"मामी, घरी सोडू का?"

त्यांनी मान हलवली आणि शेजारची खुर्ची हाताने थोपटली. वीरू येऊन तिच्यावर बसला. मामींनी त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"सपना," त्या मला म्हणाल्या, "आणखी एकदा येऊ दे म्हणावं गाडी."

मी ड्रायव्हरला फोन लावला. आम्ही सगळ्यांनी खुर्च्या परत मांडल्या, आणि गाडी पुन्हा आली.